न बुडालेले इंजिन आणि पेटीतली चटई

मी, इसिलेली वाकाउता, वय सत्तावन्न, राहणार वाइलोलो, बेट वावाऊ, टोंगा. व्यवसाय कोनफळांची शेती, राजधानीच्या साप्ताहिकाला बेटावरची वार्तापत्रे पाठवणे आणि गावच्या चर्चचा कारभार पाहणे. असे लिहून ठेवतो की, येत्या सोमवारी ऑकलंडच्या इस्पितळात माझी छाती उघडण्यात येणार आहे. ती पुन्हा नीट बंद होईल याची हमी डॉक्टरांनी टक्केवारीत दिली आहे. टक्केवारीच्या भरवशावर आम्ही कोनफळेसुद्धा लावत नाही. सबब हे मृत्युपत्र, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत करीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीने विचार करून सांगते म्हटले आहे.

यापूर्वी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. जेवताना रागाच्या भरात जी तोंडी केली ती सर्व रद्द समजावीत.

कलम १. व्याख्या. या लेखात 'माझे' हा शब्द जेथे येईल तेथे तो वकिलांच्या सोयीसाठी आला आहे. अठ्ठावीस वर्षे मी कारभारी आहे. कारभाऱ्याकडे किल्ल्या असतात, मालकी नसते, हे मी दर वर्षी पाच-सहा प्रवचनांतून ऐकले आहे आणि त्यांतली निदान दोन मीच दिली आहेत. प्रत्येक ठिकाणी 'प्रभूने माझ्या स्वाधीन केलेले व मी बऱ्यापैकी सांभाळलेले' असे लिहीत बसलो तर सोमवार उजाडेल.

कलम २. जमीन. ती राजाची आहे आणि माझ्यानंतर कायद्यानेच थोरल्या मुलाकडे, म्हणजे सेमिसीकडे, जाते. मला ती देता येत नाही, रोखता येत नाही, धमकी म्हणून वापरताही येत नाही. ही फार मोठी सोय आहे. सेमिसीला एवढीच सूचना की वरच्या तुकड्यातली पहिली कोनफळे चर्चच्या पायरीवर जातात ती मोठी असावीत. मोठी खाली घालून वर लहान ठेवण्याची विनयशील पद्धत आमच्या घरात नाही, आणि लहान खाली घालून वर मोठी ठेवण्याची पद्धत माझ्या आजोबांबरोबर संपली.

कलम ३. घर. वादळानंतर उभे केलेले लाकडी घर, पत्र्यासह, पत्नी लेसिएली हिने हयातभर वापरावे. हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "घर मलाच देताय होय? मला वाटलं मी त्यातलं सामान आहे." तिचे म्हणणे नोंदवून ठेवले आहे.

कलम ४. डुकरे व अंत्यविधी. तीन माद्या, एक नर. लेसिएलीने मागच्या महिन्यापासून नराला दुप्पट खोबरे घालायला सुरुवात केली आहे. कारण विचारले तर सांगत नाही. माझे दफन दुसऱ्या दिवशी करावे. जेवण घरच्या डुकरांत आणि घरच्या कंदांत भागवावे. त्यासाठी कोणीही कर्ज काढू नये, घरची दौलत म्हणून जपलेल्या चटया गहाण टाकू नयेत, परदेशातल्या नातेवाइकांना फोन करून रडू नये. यावर सेमिसीशी झालेले बोलणे असे:

"बाबा, लोक काय म्हणतील?"

"ते ऐकायला मी नसेन."

"मी असेन ना पण."

त्याचा मुद्दा योग्य आहे. तरीही सूचना कायम ठेवतो. लोकांनी काही म्हटलेच तर हे कलम त्यांना वाचून दाखवावे.

कलम ५. शिडी. शेजारी मनासे फोनुआ याच्याकडे माझी अॅल्युमिनियमची शिडी गेली सहा वर्षे आहे. ती मी त्याला देत आहे. देण्याने माझे नुकसान नाही, कारण ती नव्हतीच; त्याचा फायदा नाही, कारण ती होतीच. परंतु तिच्यावरून मी मनात जे धरून बसलो आहे ते इथे ठेवून जावे म्हणतो.

दुरुस्ती: वकील कळवतात की, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. मनासे हा साक्षीदार आहे. सबब शिडी रद्द. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "सही दुसऱ्या कोणाची नाही का चालणार?"

कलम ६. शिल्लक. बँकेतली रक्कम लेसिएलीची. तिच्यातला दहावा भाग चर्चला द्यावा, बंद पाकिटातून, वर नाव न घालता. तो पुकारू नये. ही अट का, हे पुढे कलम आठमध्ये येईल.

कलम ७. होडी. सेमिसीला. वल्ह्यांसहित, इंजिनाशिवाय.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. पंधरा अश्वशक्तीचे इंजिन दहा वर्षांपूर्वी खडकापलीकडे निसटून समुद्रात बुडाले असे मी घरात, गावात, चर्चमध्ये व एका वार्तापत्रातही सांगितले आहे. इंजिन बुडाले नाही. मी ते विकले. वार्तापत्रातली चूक दुरुस्त करण्याची विनंती संपादकांना स्वतंत्रपणे करीन.

कलम ८. चटई. माझ्या खाटेखालच्या कापूर घातलेल्या पेटीत, तळाशी, एक चटई आहे. ती केतकीच्या पातीची, समुद्रात भिजवून उन्हात पांढरी केलेल्या, दोऱ्यासारख्या बारीक पातीची आहे. एका कोपऱ्यात एकच काळी पाती विणलेली आहे. ती चूक नाही, खूण आहे. अशी खूण वावाऊवर एकच बाई घालते. ती माझी थोरली बहीण तोकिलुपे.

वकील परदेशी असल्याने पुढचे थोडे उकलून लिहितो.

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा मिसिनालेचा रविवार असतो. एकेका घराचे नाव पुकारतात. घरची माणसे उठून टेबलावर दान ठेवतात. कारभारी ते मोजतो आणि रक्कम मोठ्याने वाचतो. त्यावर मंडळी 'मालो' म्हणते. मालो म्हणजे आभार. पण रकमेप्रमाणे त्याची उंची कमी-जास्त होते, हे अठ्ठावीस वर्षे टेबलामागे उभे राहिल्यावर कानाला कळते.

बारा वर्षांपूर्वी तोकिलुपेताईचे यजमान वारले. त्या वर्षीच्या मिसिनालेला ती एकटी उठली, टेबलापाशी आली आणि रुमालाची गाठ सोडली. मी मोजले आणि वाचले: "तोकिलुपेचे घर, चाळीस पआंगा." आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. बहीण म्हणून सवलत दिली नाही याचे मला त्या दिवशी समाधान वाटले होते. मालो आला तो गुडघ्याएवढा होता. ताई जागेवर जाऊन बसली. पाळक पुढचे नाव पुकारायचे विसरले होते, त्यांना मी आठवण केली.

पुढच्या वर्षी तिने बाराशे ठेवले. मी बाराशे वाचले. या वेळी आवाज चढला, तो मी आवरला नाही. मालो छतापर्यंत गेला. उपासनेनंतर पाळक माझा हात धरून म्हणाले, "घराणं दाखवलंत." मी मान लववली.

पाच महिन्यांनी नेइआफू बंदरात इंजिनाचा पट्टा आणायला गेलो असता धक्क्यावरच्या एका गहाणवटीच्या दुकानात भिंतीवर ती चटई टांगलेली दिसली. काळी पाती दारातूनच दिसत होती. यजमान गेल्यानंतर ताई रोज पहाटे जी विणत बसे ती हीच. ती तिने स्वतःसाठी विणली होती; शेवटी, दफनाच्या वेळी, तिला हिच्यावर ठेवायचे होते. मुदत टळली होती, चटई विकाऊ होती. किंमत विचारली. इंजिन त्याच दुकानाच्या दारात होडीत होते.

चटई घरी आली आणि पेटीत गेली. ताईला परत देणे शक्य नव्हते. आमच्यात बहीण भावापेक्षा वरची असते, ती मागेल ते भावाने द्यायचे. मोठे झाल्यावर आम्ही एका खोलीत बसत नाही, एकमेकांशी थट्टा करीत नाही. तिने देवाला दिलेले दान गहाणाच्या पैशांचे होते हे मला कळले आहे, असे तिला कळवायचे कोणत्या तोंडाने? आणि ती गहाण कोणाच्या आवाजामुळे टाकावी लागली, हे दोघांनाही ठाऊक असताना?

म्हणून मी अशी योजना केली. आमच्या अंत्यविधीत मृताच्या आत्याकडच्या शाखेचा मान सर्वांत मोठा. लोक चटया घेऊन येतात; आलेल्या चटयांपैकी सर्वांत उत्तम ती त्या मानकऱ्याची. आमच्या आत्याची शाखा खुंटली आहे, त्यामुळे माझ्या मागे तो मान ताईकडे येतो. माझ्या दफनाच्या दिवशी सेमिसीने ही चटई सर्वांत वर ठेवावी. ताईला ती हक्काने मिळेल. हक्काने मिळालेल्या वस्तूचे उपकार होत नाहीत.

या योजनेत एकच उणीव होती: मला आधी मरावे लागते. ताई एकोणसत्तर वर्षांची आहे. गेली दोन वर्षे तिला पायऱ्या चढताना धाप लागते, डोळ्यांनी दोरा दिसत नाही, नवी चटई विणणे होणार नाही. "माझं सगळं देवाकडे गेलं, आता खाली अंथरायचंही तोच बघेल," असे ती लेसिएलीला म्हणाल्याचे कानावर आहे. दहा वर्षे ही उणीव मला खटकत राहिली. छातीत दुखू लागल्यापासून ती उणीव वाटेनाशी झाली आहे.

पोटकलम: ताई माझ्याआधी गेल्यास चटई तिच्याखाली अंथरावी. कोणी आणली हे सांगू नये.

येथपर्यंतचा मजकूर मी शनिवारी संपवला. माझे अक्षर वकिलांना लागत नाही, म्हणून स्वच्छ प्रत काढायला लेसिएलीला दिली. तिचे अक्षर सुरेख आहे. प्रत काढणारी व्यक्ती मजकूर वाचते, हे माझ्या ध्यानात आले नाही. पुढील भाग त्यामुळे जोडावा लागत आहे.

मंगळवारी सकाळी कलम सातपाशी तिने लेखणी खाली ठेवली.

"इंजिन बुडालं म्हणून मी तीन दिवस रडले होते, कारभारी."

"दोन."

"तीन. आणि मनासेभावजी आठवडाभर बुड्या मारत होते त्या खडकापाशी. त्यातच त्यांचा डावा कान गेला."

मनासेचा कान कशाने गेला हे मी कधी विचारले नव्हते. शिडीबद्दल मी मनात काय काय धरले होते ते वर आले आहे. ते कलम पाचमधून काढून टाकावे असे वाटते, पण लिहिलेले राहू द्यावे.

तिने कलम आठ वाचले, पाने गोळा केली, डोक्यावर टॉवेल घेतला आणि बाहेर पडली. "कुठे?" म्हणून विचारले. "बुडालेलं शोधायला," म्हणाली.

दुपारी ताई आली. काठीचा आवाज ओसरीवर थांबला, मग बाकाचा आवाज झाला. मी आत टेबलापाशी होतो. मध्ये लाकडी भिंत. लेसिएली दारात उभी राहिली, म्हणजे दोघांनाही दिसेल अशी.

"लेसिएली," ताई म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला विचार, मी आधी मेले असते तर?"

"वन्सं विचारताहेत—"

"ऐकू आलं. पोटकलम आहे म्हणावं."

"पोटकलम आहे म्हणतात."

"हो, वाचून दाखवलंस की मघाशी. मेल्यावर अंगाखाली सरकवायची. जिवंतपणी मला कळू द्यायचं नाही." काठी एकदा आपटली. "विचार त्याला, चटई सोडवायला मी कधी गेले होते ते."

लेसिएलीने माझ्याकडे पाहिले.

"सहाव्या महिन्यात गेले," ताई म्हणाली. "बावीस लहान चटया विणून विकल्या, पैसे रुमालात बांधले आणि बसनं गेले. दुकानदार म्हणाला, बाई, ती मागच्या महिन्यात गेली. तुमच्या चर्चच्या कारभाऱ्यानं नेली, होडीचं इंजिन देऊन."

म्हणजे चटई तिची तिलाच सोडवता आली असती, जर मी आधी सोडवली नसती. हे मी इथे केवळ नोंद म्हणून लिहितो.

"दहा वर्षं वाट बघतेय," ती म्हणाली. "दर नाताळला वाटायचं, आज आणेल. कोनफळं आली. मासे आले. एकदा छत्री आली. मागितली असती तर हक्कानं मिळाली असती, माहीत आहे मला. पण म्हटलं बघू या, याचा आवाज कधी फुटतो. चाळीस वाचताना चांगला खणखणीत फुटला होता."

"वन्सं, त्यांना बरं नाहीये," लेसिएली म्हणाली. तिने माझी बाजू घेतलेली मला आठवते ती हीच.

"मला कुठं बरं आहे?" ताई म्हणाली. मग पहिल्यांदाच थेट भिंतीला म्हणाली, "त्या वर्षी माझ्याकडे एकेचाळीस होते रे. एक पावासाठी ठेवला होता."

या विधानाची मृत्युपत्रात वर्गवारी कशी करावी हे मला ठाऊक नाही. जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. टेबलावर आलेले मोजणे हे कारभाऱ्याचे काम. रुमालात किती उरले हे बघायचे काम कोणाचे, हे कोणत्याच प्रवचनात आले नव्हते. किंवा आले असेल आणि ते मीच दिले असेल.

"आता आण," ताई म्हणाली.

पेटी मी स्वतः ओढली. लेसिएली म्हणाली छातीला ताण नको, पण ती मध्ये आली नाही. चटई दोन्ही हातांवर घेऊन दारापर्यंत गेलो. पुढे ओसरी होती, आणि ओसरीवर बहीण. माझ्या वयाच्या चौदाव्या वर्षापासून, चर्च सोडले तर, आम्ही एका छताखाली बसलेलो नाही. मी उंबऱ्यापाशी गुडघे टेकले आणि चटई पुढे सरकवली.

तिने ती उलगडली. डोळे दगा देतात म्हणून बोटांनी कोपरे चाचपले. तिसऱ्या कोपऱ्यात काळी पाती सापडली. मग ती बोटे घड्यांवर आली आणि तिथेच थांबली.

"घडीवर चिरली आहे. दोन ठिकाणी. दहा वर्षांत एकदा तरी उन्हात घातलीस?"

"नाही."

"दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की ऊन दाखवावं लागतं तिला. नुसती कापूर घालून पुरायची नसते. आणि हा म्हणे कारभारी."

येशूने सांगितलेला तो सेवक, ज्याने धन्याचा पैसा चोरला नाही, उधळला नाही, फक्त खड्डा करून पुरला, आणि तरीही घालवून दिला गेला; त्याच्यावर एवढी कडक शिक्षा का, याबद्दल मला तरुणपणापासून शंका होती. ती मी पाळकांकडे दोनदा मांडली होती. आता मागे घेतो.

एवढ्यात मनासे सहीसाठी आला. शिडी बरोबर आणली होती. कायद्याने घेता येत नाही तर परत केलेली बरी, म्हणाला. दुसरा साक्षीदार म्हणून पाळक यायचे होते, ते तापाने पडल्याचा निरोप त्याने दिला.

"मी करते सही," ताई म्हणाली.

मी लेसिएलीकडे बघून म्हणालो, "सांग त्यांना, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कलम आठ बाद होईल."

"ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याच्या वेळी शिकले ते. म्हणूनच करते."

अडचण एकच राहिली. कायद्याला साक्षीदार डोळ्यांसमोर लागतो. आमच्या रीतीला बहीण डोळ्यांआड लागते. ताईने चटई उंबऱ्यावर आडवी अंथरली, अर्धी ओसरीवर, अर्धी खोलीत, आणि तिच्यावर बाहेरच्या बाजूला बसली. मी आत बसलो. छत एक की दोन, हे ज्याला ठरवायचे त्याने ठरवावे.

"सहीच्या आधी वाच," ती म्हणाली. "कलम आठ. मिसिनालेच्या आवाजात."

मी वाचले. चाळीस पआंगापाशी आवाज सपाट ठेवता आला नाही. पोटकलमापर्यंत पोचायला वेळ लागला. मनासेने उजवा कान पुढे केला होता. "इंजिन कुठं गेलं म्हणालास?" त्याने विचारले. लेसिएलीने त्याला सांगितले. तो समुद्राकडे बघून म्हणाला, "चांगलं इंजिन होतं."

वाचून झाले. मग ताई म्हणाली, "मालो." कमरेएवढा होता. मी खाली बघत होतो, पण उंची कळली.

कलम ९. उरलेले. कलम आठ रद्द; वस्तू हयातीतच मूळ ठिकाणी पोचली. कलम पाचची दुरुस्ती कायम. मात्र शिडी हयातीत आज संध्याकाळी मनासेला भेट म्हणून दिली आहे, मृत्युपत्राशी तिचा संबंध नाही. चर्चच्या किल्ल्या पाळकांनी माझ्याकडून घ्याव्यात, मी परत आलो तरी. पुढच्या मिसिनालेला रक्कम वाचण्यासाठी असा माणूस नेमावा ज्याला ऐकू कमी येते आणि ज्याचा आवाज लहान आहे. किंवा वाचूच नये. घरातल्या सर्व चटया, अंथरुणे, कोट, कागदपत्रे व जे जे पेटीत आहे ते लेसिएलीने सोमवारच्या आत उन्हात घालावे.

हे मृत्युपत्र मी वाचले, माझ्या पत्नीने ते माझ्यापेक्षा जास्त काळजीपूर्वक वाचले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

इसिलेली वाकाउता
वाइलोलो, वावाऊ
मंगळवार, १४ मे २०१९

साक्षीदार:

१. मनासे फोनुआ, शेजारी. या मृत्युपत्राने यांस काहीही मिळत नाही.

२. तोकिलुपे, मृत्युपत्र करणाऱ्याची थोरली बहीण. या मृत्युपत्राने यांस काहीही मिळत नाही. सही चटईवर बसून केली असल्याने अक्षर किंचित हलले आहे.